आर्वीच्या इवायांची वॉल्वची पेटी

माझ्या इवायांनी मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लिहिता लिहिता माझ्या हातून त्यांच्याबद्दल चार बरे शब्द जातील आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. इवाई म्हणजे व्याही. आर्वीचे, माझ्या मुलीचे सासरे. मी राहतो वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला, माझं मोटारपंपांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात जळक्या मोटारींची तांब्याची तार उकलत उकलत मी धंदा शिकलो, आणि आता परराज्यातले एजंट माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी बाहेर थांबून घोटभर पाणी पितात. भाव करण्यात मला आजवर कोणी हरवलं नाही. आणि मला फसवलं कोणी, तर ज्याला वांगी आणायला पाठवलं की तो भाजीवालीच्या तराजूची साखळी किती गोड वाजते ते ऐकून परत येतो आणि वांगी तिथेच राहतात, अशा माणसानं. काहीही न करता इतका वेळ थांबू शकणारा दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देईन.

दिसायला ते उंच, थोडे पुढे वाकलेले, जणू समोरचा माणूस फार हळू बोलतो आहे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची गिटार छेडायची प्लास्टिकची तिकोनी पट्टी असते, आणि कुठे सही करायची वेळ आली की ते आधी तीच बाहेर काढतात. दुकान बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं, वडिलांच्या वेळेपासूनचं. एकदा मी तिथे बसलेलो असताना एक शेतकरी घाईघाईनं आत आला. "दादा, हरभऱ्यावर अळी पडली, लवकर औषध द्या." यांनी नुसतं बोट वर केलं. नेमकी तेव्हाच वीज गेली होती. "थांब बाप्पा. पंखा थांबून राह्यला. आता आयक, थांबता थांबता त्याचा सूर कसा खाली खाली येते." तो बिचारा मान वर करून पंखा पुरता थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "हव, येते खरा." औषध घेतलं आणि गेला. माझ्या दुकानात असं झालं असतं तर गिऱ्हाइकानं हातातला पाना फेकून मारला असता. यांच्याकडे मात्र तोच माणूस दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला. धंद्याच्या कोणत्या नियमात हे बसतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. गणपतीत, शारदा उत्सवात, कोणाच्या लग्नात, आर्वीपासून पुलगावपर्यंत. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, गाणारे नोकरीला लागले, ढोलकवाला जावयाकडे राहायला गेला, आणि यांच्याकडे पेटी उरली. पेटी म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. पण आताच्यासारखा हलका नाही. आत काचेचे वॉल्व, जुन्या रेडिओत असायचे तसे. वरून काळं रेक्झिन. आणि वजन असं की त्यापेक्षा विहिरीतली मोटार वर ओढणं परवडलं. ही पेटी बटण दाबलं की लगेच वाजत नाही. आधी वॉल्व तापावे लागतात. मागच्या जाळीतून हळूहळू केशरी उजेड झिरपायला लागतो, आतून एक बारीक गुणगुण सुरू होते, आणि इवाई शेजारच्या स्टुलावर बसून तिच्या पाठीवर हात ठेवतात, गाभण गाईजवळ बसावं तसे. तेवढा वेळ कोणी बोलायचं नसतं. दुकान आणि घर यांच्या मधल्या गोदामात ती असते, आणि घरातली मांजरसुद्धा तेव्हा तिथून बाहेर जात नाही.

सोयरिकीची बोलणी करायला मी पहिल्यांदा आर्वीला गेलो, तेव्हा घरून तयारी करून गेलो होतो. लग्न कोणाच्या दारी, जेवणं कोणाकडे, वऱ्हाड किती, आहेर कोणाकोणाला. प्रत्येक मुद्द्यावर आपण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे मनात पक्कं होतं. चहा झाला. ते म्हणाले, "चला, तुम्हाले आमची पेटी दाखवतो." गोदामात सोयाबीनच्या पोत्यांमध्ये ती ठेवली होती. त्यांनी बटण दाबलं आणि आम्ही दोघं पोत्यांवर बसलो. दुपारची वेळ, पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या पडलेल्या, त्यात भुश्याची धूळ तरंगत होती. केशरी उजेड वाढत गेला. ती गुणगुण हळूहळू पोत्यांतून माझ्या मांड्यांपर्यंत आली. आणि मी माझा पहिला मुद्दा विसरलो. दुसरा आठवून बोलायला लागलो तर ते म्हणाले, "हव, हव, तुम्ही म्हणसान तसं." तिसऱ्यालाही तेच. भाव करायला समोर कोणी असावं लागतं. तिथे समोर नुसती मान डोलत होती. मला जे जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि मी घरी येऊन बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "सारं तुमच्या मनासारखं झालं, मंग राग कायचा?" त्याचाच.

या पेटीचा एक स्वभाव आहे, तो नीट सांगतो, कारण पुढे त्यातच माझा पाय अडकला. आवाज कमी ठेवला तर ती झोपेत बोलल्यासारखी बोलते, स्वच्छ पण सपाट. मोठ्यानं वाजवली, वॉल्वना दम लागेपर्यंत वाजवली, की आवाजाच्या कडा फाटतात. त्यात एक खरखर येते, भरपूर रडून मोकळ्या झालेल्या माणसाच्या गळ्यात येते तशी. त्या खरखरीसाठी म्हणे लोक असली अवजड पेटी जन्मभर सांभाळतात. इवायांनी तिच्यातून ती खरखर बाहेर काढायचा प्रयत्न पूर्वी एकदा केला होता. तेव्हा गच्चीवर शेजारणीच्या कुरड्या वाळत होत्या. त्या चादरीवरून सरकत सरकत कठड्याकडे निघाल्या. शेजारीण खाली येऊन पदर सावरून म्हणाली, "भाऊजी, तुमचं गानं चांगलंच असन, पण माह्या कुरड्या गावाले जाऊन राह्यल्या." त्या दिवसापासून आवाजाचा नॉब पावच्या पुढे गेला नाही. रोज दुपारी, बाजार डुलक्या घेत असतो तेव्हा, ते अगदी हळू वाजवतात, आणि जिथे ती खरखर यायला पाहिजे तिथे क्षणभर थांबून डोळे मिटतात. ती जागा ते मनातल्या मनात वाजवून घेतात. मग पुढे जातात.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की माझ्या मुलीला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी मागची खोली रंगवून घेतली. नवा कूलर आणला. खिडकीला जाळी बसवली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी भांडून त्याची दुपारची पाळी बंद करवली. मग मुलीला फोन केला, "सातव्यात डोहाळजेवण झालं का लगेच घेऊन येतो तुले." ती म्हणाली, "पाहू बाबा."

पाहू? जी मुलगी लग्नानंतर पहिल्या पोळ्याला दोन दिवस आधीच माहेरी आली होती, ती म्हणते पाहू? मी दुकानात बसून विचार केला आणि मला उलगडा झाला. रोज दुपारी भिंतीपलीकडे ती पेटी. पोरीला झोप नसणार, जीव थकला असणार, आपलं मत सांगायचीही ताकद उरली नसणार. तिला विचारायची मला गरज वाटली नाही, मला समोर दिसत होतं. पण इवायाला हे सांगायचं कसं? मुलीच्या बापानं पोरीच्या सासऱ्याला "आवाज कमी करा" म्हणायचं? आमच्याकडे एवढ्या शब्दावरून दोन घरांतली भाकरी बंद झालेली मी पाहिली आहे.

तोडगा मला एका डीजेवाल्यानं दिला. तो माझ्याकडून जनरेटर नेतो. म्हणाला, "काका, पेडल असते नं. पायाखाली ठेवाची डब्बी. थे लावली तं पेटी हळू ठेऊनही फाटका आवाज भेटते." माझं डोकं लगेच चाललं. ज्या खरखरीसाठी हा माणूस झुरतो आहे ती त्याला डबीतून द्यायची, आणि पेटी कायमची गप्प करायची. डोहाळजेवणाला इवायांचा मान करावाच लागतो, टोपी, शेला, कापड. यंदा शेल्याबरोबर पेडल ठेवायचं. मानाच्या वस्तूला नाही म्हणता येत नाही, आणि दिल्यावर ती वापरावीही लागते. टोपीत गुंडाळून शांतता द्यायची. असा सौदा माझ्याही हातून आधी झाला नव्हता.

मी इवायांना फोन केला आणि मानात पेडल देतो म्हणालो. पलीकडून हळूच आलं, "पेडल? मले?"

"हव. तुमच्या पसंतीचं घेऊ. भाव मी करतो."

"इवाई," ते म्हणाले, "असा मान आजवर कोणं कोणाचा केला नसन."

माझ्या जावयानं सांगितलं की मोबाइलवर मागवलं तर पेडल घरपोच येतं. इवायांना तो विचार फार उर्मट वाटला. "ज्या पेटीसंगं त्यानं राहाचं, तिनं त्याले पाह्यलं पाह्यजे. पोरगी न पाहता सोयरीक करता का तुम्ही?" त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला आता समुद्रपूरला साउंड सिस्टिम भाड्यानं देतो, आणि त्याच्या कपाटात जुनी पेडलं पडून आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा पेटी समुद्रपूरला न्यायची ठरली. म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत गादी घातली, गादीवर पेटी, पेटीवर गोधडी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जागा असताना इवाई मागे तिच्याजवळ बसले. मी बोरगावला गाडीत चढलो आणि तेव्हा लाजेखातर मलाही मागे बसावं लागलं. फाल्गुन होता. कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली रिकामी वावरं, बांधाबांधानं पेटलेले पळस, आणि आम्ही दोन इवाई, मधे गोधडी पांघरलेली पेटी, नवरीला सासरी पोचवायला निघाल्यासारखे. गतिरोधक आला की ते तिला दोन्ही हातांनी धरत आणि म्हणत, "झालं, झालं." मला आधी वाटलं हे मलाच म्हणताहेत.

समुद्रपूरच्या त्या साउंडवाल्यानं टेबलावर पेडलं मांडली. लहान लहान लोखंडी डब्या, पिवळी, लाल, हिरवी, राखाडी, प्रत्येकीवर नॉब आणि मधे पायानं दाबायचं बटण. पेटी तापली. पण त्यानं आधीच हात जोडले, "दादा, हळू बरं का. बाजूले अंगणवाडी हाये, आता लेकरं झोपले असतीन." तेव्हा सगळं काम कुजबुजीत चाललं. पिवळं लावलं. इवाई म्हणाले, "हे तोंड उघडाच्या आधीच वरडते. पेटीले बोलूच देत नाई." लाल लावलं. "हे गुणी हाये. पण सारखं आपलंच सांगते." मग हिरवं लावलं, आणि माझ्या मनात आलं, हेच. तेवढ्या हळू आवाजातही ते असं गुरगुरत होतं की चिखलात रुतलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर यावा. हे घरी गेलं की पेटीचा नॉब शून्याला लावूनही काम भागणार होतं. "इवाई, हे घ्या," मी म्हटलं. त्यांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "डब्ब्यात कोंडलेल्या माशीवानी वाजून राह्यलं."

शेवटी त्यांनी ते राखाडी उचललं. त्याच्या कोपऱ्याचा रंग उडालेला. जो नॉब फिरवला की खरखर वाढते, तो त्यांनी जवळजवळ बंद केला. दुसरा, आवाजाचा, पुरता उघडला. पेटी होती तशीच हळू ठेवली आणि एक तार छेडली. पेडल दाबलं, पुन्हा छेडली. मी कान देऊन ऐकलं, सूर थोडा पुढे आला इतकंच. बाकी सपाट ते सपाट.

साउंडवाला सांगायला लागला, "काका, याची खुबी अशी हाये का..."

इथे माझ्या धंद्यातला पहिला नियम आडवा आला. विकणाऱ्याला वस्तूचे गुण सांगू द्यायचे नाहीत. त्यानं तोंड उघडलं की आपण बोलायचं. "खुबी? दाबलं तरी तेच, सोडलं तरी तेच. घरचा दिवा लागला नाई तं तुम्ही बटनवाल्याले शाबासकी देता का?"

"काका, पेटीचा आवाज पुरा खोलल्यावर समजन नं..."

"मंग खोला."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे लेकरं झोपली होती.

"मंग झाकल्या वस्तूचा भाव मी कायले देऊ? रंग उडालेला, कोपरा चेपलेला, अन् काम काही नाई. हे तुम्ही कपाटात ठेवता कशाले, उंदराले दाबाले?" तो आणखी एकदा तोंड उघडणार तोच मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी पडत्या भावाच्याही खालच्या भावात ते पेडल माझ्या हातात आलं. त्या वेळी त्याची आणि इवायांची नजरानजर झाली, हे मला आज आठवतं. तेव्हा मी जिंकत होतो, बाकी काही पाहायला सवड नव्हती. तरी सावधपणा म्हणून मी इवायांना स्पष्ट विचारलं, "यानं घरात आवाज वाढनार नाई नं?" ते तारेवर कान लावून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी मान हलवली. आमच्या धंद्यात मान हलली की सौदा पक्का.

परतताना मी मागे गादीवर आडवा झालो. जिंकलेल्या दिवशी मला अशी सुस्ती येते. मी विचारलं, "त्या डबीत काय पाहून घेतलं तुम्ही?" ते म्हणाले, "हे आपलं कायीच सांगत नाई, इवाई. तिलेच बोलू देते." मला त्यातलं "कायीच सांगत नाई" एवढंच भावलं. उन्हं तिरपी झाली होती. पळसाच्या सावल्या आमच्यावरून जात होत्या. गाडीत कधीही न झोपणारा मी, त्या पेटीला टेकून वर्ध्यापर्यंत झोपलो.

डोहाळजेवण आर्वीला झालं. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत पोरगी बसली होती, आणि तिच्याकडे पाहताना मला वाटत होतं, आता चार दिवसांत ही त्या रंगवलेल्या खोलीत असेल. मी ताटात शेला, टोपी आणि पेडल ठेवून इवायांचा मान केला. इहिणबाईंनी त्या राखाडी डबीलाही कुंकू लावलं. पंगत बसली. इवाई हळूच उठून गोदामाकडे गेले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी कढी वाढत होतो.

आधी ती गुणगुण आली, पण रोजच्यापेक्षा जाड, जमिनीखालून आल्यासारखी. पानावरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणले. माझ्या हातातल्या पळीतल्या कढीवर गोल गोल वळ्या उठल्या. आणि मग एक सूर. एकच. तो कुठून आला असं वाटलंच नाही. तो इथे आधीपासूनच होता आणि कोणीतरी मधलं दार उघडलं, असं वाटलं. फवारणीच्या पंपांचे नोझल दुकानात झणझणले, गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली, एक म्हातारी "अगं माय!" म्हणून पानावरून उठली. तो सूर फाटला. त्याच्या कडा विसकटल्या, आत ऊन भरल्यासारखा तो पसरत गेला, पातळ झाला, आणि संपतो आहे असं वाटता वाटता स्वतःच वळून वर चढला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माणूस झोपेत पडतो आणि जमीन येत नाही, तेवढा वेळ.

पळी कुठे टाकली आठवत नाही. मी मुलीकडे धावलो. ती खुर्चीत नव्हती. आतल्या खोलीत, गोदामाच्या भिंतीला एक तळवा टेकून उभी होती, दुसरा हात पोटावर. डोळे मिटलेले. "बाबा, थांबा," ती म्हणाली. "बोलू नका." पण मी तोवर गोदामात पोचलो होतो आणि बोलायला लागलो होतो.

"फसवलं तुम्ही मले! यानं आवाज कमी होनार होता!"

त्यांचा पाय अजून पेडलवर होता, आणि पेटीचा नॉब पावच्या कितीतरी पुढे. ते गाढ झोपेतून उठवल्यासारखे माझ्याकडे पाहत होते. "कमी? इवाई, हे तं धक्का द्याले असते. बंडी चढावर अडली का आपण मागून खांदा लावतो नं, तसं. तिचा तिले दम पुरत नाई, मंग हे मागून लोटते."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

"तो सांगून राह्यला होता, तुम्ही बोलू कुठं देल्लं? अन् म्या म्हटलं, तुम्हाले ठाऊकच असन. मोटारवाले आहात."

"अन् मान कायले हलवली?"

"कवा?" ते खरंच आठवायला लागले.

पुढे मी जे बोललो ते सगळी पंगत ऐकत होती. माझ्या पोरीच्या जिवापेक्षा तुम्हाला पेटी प्यारी झाली, असं काहीतरी. इवायांनी वाद घातला नाही. त्यांनी वाकून एकेक नॉब खाली आणला. बटण बंद केलं. वॉल्व निवेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग गोधडी घातली आणि तिची टोकं नीट खाली खोचली. "बरोबर हाये तुमचं," ते म्हणाले. "लेकरापुढं पेटी काय." आणि बाहेर येऊन त्यांनी स्वतः मला जेवायला वाढलं.

तेव्हापासून त्यांनी पेटी लावलेली नाही. हळूसुद्धा नाही. मला जे पाहिजे होतं ते सगळं पुन्हा एकदा मिळालं आहे. आणि मुलगी यायला तयार नाही. नववा जवळ येत चालला आहे, खोलीतला कूलर अजून खोक्यात आहे, आणि ती फोनवर म्हणते, "बाबा, तुम्ही मले एकदा तरी विचारलं का? दुपारी मामाजी वाजवत, तवाच तं मले झोप लागे. आता दुपार खाले उठते. मामाजीले असं गप्प करून मी नाई येत. तुम्ही त्यायले पेटी लावाले सांगा, मंग या मले न्याले."

मी सांगू? फसवला गेलो मी, आणि जाऊन विनवण्या करू मीच? म्हणून मी गेलो तो पंपाचं गिऱ्हाईक पाहायचं निमित्त काढून गेलो. त्यांनी चहा मागवला. आम्ही गोदामात बसलो, मधे ती गोधडी. ते रुसलेले नाहीत. रुसले असते तर मी निपटून घेतलं असतं, रुसलेल्या माणसाशी भाव करता येतो. ते माझ्याशी प्रेमानं बोलले, आंब्याचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. हे लगेच उठले, त्याला पाहिजे ती थैली काढून दिली, पैसे मोजून घेतले, आणि येऊन बसले. मला भीती वाटली. एवढी शांतता मी कोणत्याही भावानं विकत घेतली नसती.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. दुरुस्त झालेली मोटार मी चाचणीला लावतो, आणि ती चांगली चालली तरी बंद करत नाही. उभा राहतो. तिच्यातून तसं काही निघतं का, कुठे कडा फाटते का, ऐकत राहतो. गिऱ्हाईक विचारतं, "का झालं शेठ, बिघाड हाये का?" मी त्याच्यावर ओरडतो. परवा सेलू ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी एका ट्रान्सफॉर्मरखाली उभा होतो. मी, ज्याच्या आयुष्यात आजवर आवाज म्हणजे एकतर बेअरिंग गेली, नाहीतर कोणी भाव पाडायला आलं. माझा एवढा वेळ खर्च करायला लावणारा माणूस आर्वीत चहा पीत बसतो, हे मला चालणार नाही.

म्हणून सगळ्यांसमोर लिहून सांगतो. इवाई, येत्या रविवारी मी येतो आहे. भाव करायला नाही. गोधडी मी माझ्या हातानं काढीन. बटण तुम्ही दाबा. वॉल्व तापेपर्यंत मी गप्प बसेन, जमेल मला. पोरगी भिंतीपलीकडे उभी असेल. मला फसवल्याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल, आणि हळू आवाजात दिलेला मी ऐकून घेणार नाही.